शेंदराखालचा नांगर

उरणला जायचं ठरलं ते एका फोनमुळे, आणि तो फोन माझ्यासाठी नव्हताच. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नेरुळच्या आमच्या सोसायटीत तेव्हा मोजक्याच घरांत फोन होता. आमच्या मजल्यावर तो आमच्याकडे, त्यामुळे सगळ्यांचे निरोप पोचवायचं काम न मागता माझ्या गळ्यात पडलं होतं. पलीकडून एक बाई ओरडून बोलत होती, "सावंताला सांगा, देवानं कवच सोडलाय. उद्या ओहोटीला पान्यात द्यायचा हाय. बगायचा आसल त ये म्हना." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

सावंतकाका आमच्या समोरच्या दारात राहायचे. गोदीतून निवृत्त झालेले इंजिनीअर. सत्यनारायणाच्या पूजेला न येणारे, पण प्रसादाचा शिरा मात्र हक्काने मागवून घेणारे. त्यांच्या बाल्कनीत बुडालेल्या बोटींचं सामान भरलं होतं. चिनीमातीच्या बश्यांचे तुकडे, हिरव्या काचेच्या जाड बाटल्या, तांब्याचे खिळे, एका गोल खिडकीची पितळी कडी. कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर असलं काहीबाही येतं. काका दर रविवारी कोळीवाडे पालथे घालून ते गोळा करायचे. सोसायटीतली पोरं त्यांना खजिनावाले काका म्हणायची. खजिन्यात सोन्याचा कण नव्हता. लोखंडी वस्तू तर महिन्याभरात पापुद्रे सुटून पडायच्या आणि काकू सकाळी त्यांचा गंज केरात भरायच्या.

ते काय शोधत होते हे फक्त आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. काका शाळेत असताना त्यांचे वडील मालवणहून मुंबईला माल आणणाऱ्या एका बोटीवर खलाशी होते. एका खेपेला बोट पोचलीच नाही. माणूस सापडला नाही, फळी सापडली नाही. काकांच्या आईने, म्हणजे आमच्या मजल्यावरच्या आजींनी, तेव्हापासून नवऱ्याचं श्राद्ध घालू दिलं नव्हतं. भटजी आले, भाऊबंद आले, सगळ्यांना त्यांचा एकच सवाल, "कोणी बघल्यानी?" मला आधी तो हट्ट वाटायचा. नंतर वाटायला लागलं, की त्या घरात खरा विज्ञाननिष्ठ माणूस काका नसून आजी आहेत. पुरावा नाही, तर निष्कर्ष नाही.

आणि पुरावा, काकांच्या मते, उरणपलीकडे करंज्याच्या बाजूला एका कोळीवाड्यातल्या देवळीत, म्हणजे छोट्याशा देवळात, होता. तिथे फार वर्षांपूर्वी जाळ्यात बोटीच्या एका नांगराचा तुटका भाग आला होता. गावाने तो चौथऱ्यावर उभा केला, शेंदूर लावला, चांदीचे डोळे बसवले आणि नांगरदेव झाला. वडिलांबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने काकांना सांगितलं होतं, की त्या बोटीच्या नांगराच्या बुंध्यावर बोटीचं नाव छिन्नीने कोरलेलं होतं. काकांनी एकदा देवळीत जाऊन "थोडं खरवडू द्या" म्हटलं, तेव्हा मार खाता खाता वाचले. देवळी सांभाळणाऱ्या हिराबायने त्यांना सोडवलं आणि शब्द दिला, की देवाने आपणहून शेंदराचं कवच सोडलं तर कळवीन. तो हा फोन.

मी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, म्हणून काका मला बरोबर घेऊन गेले. मीही लगेच रजा टाकली. शेंदराचे थर मला बघायचेच होते, आणि खरं सांगायचं तर काका एकटे परत आले तर काय होऊन येतील, ह्याची काळजी होती.

आता उरणला थेट लोकल जाते, तुमचं काम सोपं आहे. तेव्हा बेलापूरपासून एसटी. उरण फाटा, गव्हाण फाटा असं करत जासईपर्यंत आलं की पुढेमागे कंटेनरचे ट्रेलर. आमच्या समोर एक निळा कंटेनर इतका वेळ होता, की त्याच्या दाराच्या कड्या मला पाठ झाल्या. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला भराव टाकून तयार केलेली यार्डं, आणि मध्ये धूळ. खिडकीजवळची जागा मागू नका, केस धुवावे लागतात.

काकांच्या पिशवीत भिंग, टेप, बटरपेपर आणि कॅमेरा होता. मी त्यांना शेंदराची गंमत सांगत होते. जहाजांच्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून आम्ही जो शिशाचा लाल रंग तेलात घोटून लावतो, तोच मुळात अस्सल शेंदूर. गावकऱ्यांनी भक्तीने वर्षानुवर्षं जे केलं, ते आमच्या कारखान्यातलं काम.

"म्हणजे देव टिकला तो प्रायमरमुळे," काका खूश होऊन म्हणाले.

"आणि प्रायमर लागला तो देवामुळे," मी म्हटलं. "तुमच्या बाल्कनीत असता तर काकूंनी केरात भरला असता."

काकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

उरणच्या स्टँडबाहेर वडापाव उत्तम मिळतो, मी दोन खाल्ले. काकांनी चहासुद्धा घेतला नाही. टेन्शन. तिथून टमटमने कोळीवाडा. टमटम भरल्याशिवाय निघत नाही. पाट्या घेतलेल्या बायकांत मिसळून बसलात तर गावातली सगळी बातमी फुकट कळते. देवाने कवच सोडल्याची बातमी आम्हाला तिथेच दोनदा ऐकायला मिळाली.

देवळी समुद्राच्या अगदी तोंडावर, चार माणसं मावतील एवढी. नांगरावर नवा पातळ शेंदूर चढला होता, त्यामुळे तिथे वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि जुनं कवच तांबड्या फडक्यात झाकून पाटावर ठेवलेलं. कलिंगडाच्या मोठ्या सालीसारखा जाडजूड पोकळ तुकडा. थर जाड झाले, तेल सुकलं, उन्हाने आकसून सुटलं, असं माझं म्हणणं. हिराबायचं म्हणणं वेगळं होतं. "देव कटालला व्हता," ती म्हणाली. "आंगावं किती वागवल तो?"

काकांनी भिंग काढलं. आतल्या बाजूला कोरीव अक्षरांचा उलटा ठसा उठलेला असणार, हे त्यांनी घरी आरसा घेऊन शंभरदा समजून घेतलं होतं. त्यांनी फडक्याला हात घातला आणि हिराबायचा दीर पांडू मध्ये आला.

"आत नाय बगायचा. देवाची पाठ हाय ती."

"मी हात नाही लावत, फक्त फोटो काढतो."

"फोटू बी नाय. कोनी बगत नाय. जो पान्यात नेतो ना, त्यालाच दिसतं."

पद्धत अशी होती, की कवच पालथं न धरता पोकळ बाजू वर करून न्यायचं, म्हणजे पाणी भरून ते बुडतं. नेणाऱ्याची नजर आत जाणारच, त्याला इलाज नाही. पण नेणाऱ्याने उपाशी असायला हवं, पूजा त्याच्याच हातून व्हायला हवी, आणि बरोबर काही न्यायचं नाही. कागद नाही, कॅमेरा नाही. एकदा उचललं की परत जमिनीवर टेकवायचं नाही.

हिराबायने काकांकडे बघितलं. "यंदा नेयाचा मान पांडूचा. पन तुमचे बापाचा सवाल हाय. ज्याला बगायचा, त्यानं न्यायचा. न्याल?"

पांडूने कनवटीची मानाची सुपारी काढून पाटावर ठेवली आणि बाजूला सरकला.

मला काकांची दया आली. जन्मभर देव-बीव थोतांड म्हणणारा माणूस. पुरावा हवा, तर आधी पूजा करायची, आणि पुरावा दिसला तरी कुणाला दाखवता येणार नाही. असला पुरावा विज्ञानात कवडीमोलाचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकांनी पट्टा काढला, चपला काढल्या, आणि मला विचारलं, "नमस्कार आधी की हळदकुंकू आधी?" मी सांगितलं.

ओहोटी लागली होती. काका कवच घेऊन गुडघाभर चिखलातून पाण्यात गेले, मग कमरेपर्यंत. आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ते थांबले, मान खाली घातली. बराच वेळ तसेच उभे. मला ओरडून विचारावंसं वाटत होतं, दिसलं का, दिसलं का? हिराबायने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मग त्यांनी कवच सोडलं, पाण्यात एक बुडी मारली आणि वळले.

"आकडे होते," वर आल्यावर ते म्हणाले. "वजनाचे असणार. आणि कारखान्याची खूण. नाव नव्हतं. आपल्या बोटीचा नाही तो नांगर." आवाज नेहमीसारखा होता, गोदीतला अहवाल वाचून दाखवल्यासारखा. मग वाळूवर बसून ते रडायला लागले. पांडूने आपला कोरडा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

निघताना हिराबायने जेवू घातलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण, असं नेरुळच्या कुठल्या हॉटेलात मिळणार नाही. काका पोटभर जेवले. शेंदूर लावल्यावर हात धुवा आणि पोरांना चाटू देऊ नका, शिसं असतं त्यात, एवढं माझं ज्ञान मी तिथे ठेवून आले. तुम्हीही गेलात तर सांगा, लोक ऐकून घेतात.

बसमध्ये काकांनी एकदाच तोंड उघडलं. "सोडताना तोंडातून बाबांचं नाव गेलं. आपोआप. हे कशात बसतं गं?" रंग लोखंडाला का धरतो ते मी सांगू शकते. माणसाच्या हातून काहीतरी सुटल्यावर तो हलका का होतो, ह्याचं माझ्याकडे सूत्र नाही, आणि नसल्याचं मला वाईटही वाटत नाही. तो नांगर दुसऱ्याच कुणाच्या बापाचा होता. काकांनी त्या बापाला पोचवलं, मयताला पोचवतात तसं, एवढं मी स्वतः बघितलं.

नेरुळला आमच्या मजल्यावर आलो तेव्हा आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"गावलो?" त्यांनी विचारलं.

"नाय गो आये. तो आमच्या बोटीचो नाय." काका उंबऱ्याबाहेर थांबले. "पण पोचवून इलंय."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. ओलसर पँट, पायावर वाळलेला चिखल, बोटांना शेंदूर. मी वाट बघत होते, की आता त्या नेहमीचा सवाल विचारणार. त्या सावकाश उठल्या, खुर्ची बाजूला ओढली आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"मगे तसोच घरात येव नको," त्या म्हणाल्या. "आधी आंघोळ कर."