वेशीबाहेरची आजी

"काय रे, तुमचं घर वेशीच्या आत होतं की बाहेर?"

डॉक्टरकाकांनी विचारलं आणि माझ्या हातातला बटाटेवडा दगडासारखा जड झाला. जर्सी सिटीत त्यांच्याकडे आम्ही काही मराठी कुटुंबं जमलो होतो. काका-काकू युरोप करून आले होते. टीव्ही एवढा अवाढव्य, की त्यात कबड्डीचा सामना भरवावा. त्यावर जर्मनीतल्या एका जुन्या शहराच्या वेशीचा फोटो. दोन लठ्ठ बुरूज, मध्ये कमान, वर लोखंडी दात. अंधार पडला की दार बंद. कातडी कमावणारे, फाशी देणारे, सगळे बाहेर. काका रंगवून सांगत होते. अगदी आपल्यासारखंच, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

आडनाव विचारून झालं होतं. गाव विचारून झालं होतं. पत्ता लागला नव्हता. म्हणून ही वेस.

माझ्या थापा अटलांटिक पोहून येतात. तोंड उघडलं ते सुटलंच. वेशीच्या किल्ल्या आमच्याकडेच असायच्या म्हणालो. आजोबा हत्तीवरून निघाले की चार पैलवान कमान वर उचलून धरायचे.

हशा पिकला. काका म्हणाले, "तरीच. बोलण्यावरून कळतं माणूस."

सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो.

माझी मुलगी अजून त्या फोटोकडेच बघत होती. "सो हू लिव्ह्ड आउटसाइड?"

काका प्रेमानं म्हणाले, "घाणेरडी कामं करणारे लोक, बेटा. त्यांना शिवायचं नसायचं."

"यक्," ती म्हणाली. नाक मुरडून.

ते नाक माझ्या आईचं. हुबेहूब. वेशीपाशी चपला काढून, हातात घेऊन आत शिरायची ती. गावाचे रस्ते झाडायला. त्या हत्तीखाली मी तिलाच चिरडलं होतं.

"काका, मी खोटं बोललो. आम्ही बाहेरचे. ते घाणेरडं काम माझी आई करायची. घाण तुमची असायची."

काकू म्हणाल्या, आम्ही नाही हो असलं काही मानत, गोड घ्या ना. काकांनी घाईघाईनं पुढचा फोटो लावला.

"मागे घ्या," मी म्हणालो. "ती वेस लावा."

लावली. मुलीला धरून टीव्हीपाशी नेलं. कमानीच्या बाहेर बोट ठेवलं.

"तुझी आजी इथं राहायची. नाक मुरडायचं तर आत बघून मुरड."

ती रडली. मी समजूत घातली नाही.

लाज जात नाही. पण ती आईची नव्हे, माझ्या त्या हसण्याची आहे. यापुढे माझी पोर आजीचं नाव कुणापुढेही दबक्या आवाजात घेणार नाही. बोलावणी बंद होतील. होऊ देत.