पुण्याहून चिखलीला

वाकडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधून शेवटी निघालं ते कपडे वाळत घालायचं स्टँड. टेम्पोवाल्यानं ते सामानावर उलटं बांधलं आणि विचारलं, "ताई, चिखली म्हणजे ती पिंपरीजवळची ना?" मी म्हटलं, "नाही, बुलढाणा जिल्ह्यातली." त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा सामानाकडे पाहिलं. "तिकडून इकडं लई घरं आणली मी. इकडून तिकडं पहिल्यांदाच चाललोय."

माझा नवरा संदेश हसला. मला हसू आलं नाही. आर्या, आमची आठ वर्षांची मुलगी, लिफ्टच्या दारात मैत्रिणीला धरून रडत होती. आणि बाबा चार दिवसांपासून माझा फोन उचलत नव्हते.

बाबांचं ऐकाल तर तुम्हाला त्यांचा राग पटेल. आम्ही चिखलीजवळच्या धाड गावचे. बाबा गवंडी, किसन मिस्त्री. बांधकामाचा ओळंबा हातात धरला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. गावातली निम्मी पक्की घरं त्यांच्या हातची, पण त्यातल्या कित्येक घरांत ओटा बांधून झाला की त्यांना चहा मिळायचा तो ओट्याखाली, वेगळ्या कपात. बारावीनंतर मला पुण्याच्या फिजिओथेरपी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा एसटी स्टँडवर मला खिडकीची जागा पकडून देत ते एवढंच बोलले होते, "पोरी, आता मांगं फिरून पाहू नको. हे गाव आपल्याले काही देनार नाही." आमच्या वस्तीतून जे जे शहरात गेले, त्यांच्याबद्दल बाबा 'सुटला' असंच म्हणत. मीही सुटले होते. आता मी स्वतःच्या पायांनी परत निघाले होते, तेही नोकरी सोडून.

पुण्याबद्दल वाईट बोलले तर मी कृतघ्न ठरेन. पुण्यानं मला कसब दिलं, संदेश दिला, बसमध्ये शेजारी कोण बसलंय हे न विचारायची सवय दिली. एका मोठ्या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं काम केलं. पण एका पेशंटला वीस मिनिटं, की लगेच पुढचा. कोणाचा गुडघा वाकायला लागेपर्यंत त्याचा चेहरा विसरायला व्हायचं. जाऊन-येऊन अडीच तास रस्त्यावर. आर्याला मी झोपलेलीच जास्त पाहिलं. स्वतःचं छोटं क्लिनिक काढावं म्हणून एकदा घराजवळच्या गाळ्याची चौकशी केली, तर मालक म्हणाला, "मॅडम, आधी बसा, मग डिपॉझिट सांगतो." दोन पगार घरात येऊनही आम्हाला तिथं नुसतं टिकून राहायला जमत होतं, वाढायला नाही.

मग संदेशचं ऑफिसचं काम घरून कायमचं झालं. त्या संध्याकाळी तोच म्हणाला, "तुझ्या गावाकडं घर मोठं मिळेल, क्लिनिकही होईल. पाहायचं का?" मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मला भाड्याची नाही, बाबांची काळजी होती.

फोनवर कळवलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "येऊन राह्यली? काऊन? कोनं काढलं का तुले तिथून?" मी समजावत राहिले. शेवटी म्हणाले, "म्या तुले गाडीत बसवून देलं ते परत उतराले नाही." आणि फोन मायकडे दिला. माय हळूच म्हणाली, "ये तू. त्याहिले मी पाहून घेतो."

चिखलीत पहिली दोन घरं आमचं आडनाव ऐकल्यावर 'कालच गेली'. हेही लिहायलाच हवं, नाहीतर ही आठवण खोटी होईल. पुण्यातही अशी घरं 'गेली' होती, फक्त तिथं ते गोड बोलून सांगायचे. तिसरं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. "नळ सात-आठ दिवसांनी येते, पन टाकी मोठी हाय. लाईट गेली तं घाबरायचं नाही. आनखी काय सांगू?" घराला अंगण, मागे कडुनिंब, आणि रस्त्याकडच्या बाजूला दोन मोठ्या खोल्या. वाकडला आम्ही फ्लॅटला देत होतो त्याच्या पाव भाड्यात राहणं आणि क्लिनिक दोन्ही. संदेश त्या रिकाम्या खोलीत हात पसरून गोल फिरला होता, लहान मुलासारखा.

पहिले दोन महिने मात्र क्लिनिकमध्ये मी आणि पंखा. लोकांना वाटायचं मालिशवाली बाई आलीय. इंटरनेट बंद पडलं की संदेश मोबाईल घेऊन गच्चीवर चढायचा. आर्याला शाळेत 'पुनेकर' म्हणून चिडवायचे आणि ती घरी येऊन विचारायची, "आपण परत कधी जायचं?" कधीकधी मलाही तेच विचारावंसं वाटे, पण मी कोणाला विचारणार?

मग शांताबाई आल्या. कापूस वेचून वेचून खांदा जखडलेला. सहा महिने स्वतःची वेणी घालता येत नव्हती. इथं वीस मिनिटांचा हिशेब नव्हता. लाईट गेली की मशीन बंद, म्हणून जे केलं ते हातांनीच. दीड महिन्यानंतर एका सकाळी त्या वेणी घालूनच आल्या आणि दारातच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "पाह्य बाई, म्या घातली. वाकडी हाय, पन माही हाय." त्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या चार बायका आल्या. पाठोपाठ कंबर धरून एसटीचे दोन ड्रायव्हर.

दिवाळीच्या आधी एके दिवशी बाबा आले. जीपमधून उतरले, माझ्याशी न बोलता क्लिनिकच्या पायऱ्यांपाशी थांबले. "गुडघा दुखनारा मानूस हे कसा चढन?" एवढंच. पाणी पिऊन परत गेले. दोन दिवसांनी थापी, घमेलं घेऊन हजर. दुपारभर उन्हात बसून त्यांनी पायऱ्यांच्या बाजूनं उतार बांधला, कठडा लावला, आणि आर्याला वर-खाली पळवून तो तपासला. मग दर सोमवारी येऊ लागले. बाकावर बसायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, "बसा, मॅडम आतमधी हायेत." मुलगी आहे हे सांगत नसत.

अशाच एका सोमवारी धाडचे पाटील आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाचा खांदा धरून उतारावरून चढले. त्यांचा वाडा बाबांनी बांधलेला. त्यांचं तोंड आयुष्यभर बाबांना 'किसन्या' म्हणत आलं होतं. बाकावर बाबांना पाहून ते म्हणाले, "तू इथी काय करून राह्यला बे?" बाबा उठून उभे राहिले. मी आतून ऐकत होते.

बाबा म्हणाले, "मॅडम माही पोरगी हाय."

पाटील आत आले. मी गुडघा पाहिला, व्यायाम करून घेतला, दुखल्यावर ते ओरडले तेव्हा मी थांबले आणि पुन्हा करून घेतला. इतर कोणाला दिला असता तेवढाच वेळ दिला. जाताना त्यांनी मला हात जोडले. आणि बाकापाशी क्षणभर थांबले. "मिस्त्री, तुमची पोरगी कडक हाय. पन हात चांगला हाय तिचा."

'तुमची.' बाबांच्या सत्तर वर्षांत त्या घरातून आलेला पहिला अहो-जाहो. गाव बदललं असं मी म्हणणार नाही. बदललं असेल तर त्या दिवशी एक माणूस, तेही गुडघा दुखत होता म्हणून कदाचित. पण बाबा त्या दिवशी जेवायला थांबले. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "मले वाटलं तू हारून आली."

"आणि आता?"

"आता जेवू दे."

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या त्याच हॉस्पिटलातून फोन आला. विभागप्रमुखाची जागा, पगार आधीपेक्षा बराच जास्त. मी बाबांनाच विचारलं. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. "जायचं तं जा. राह्यचं तं राह्य. पन माह्यासाठी काही करू नको आता." त्यांच्या तोंडून मी एवढं मोकळं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

तुम्ही जे पुण्या-मुंबईत आहात, त्यांना मी 'परत या' म्हणत नाही. मुलीला पोहायला शिकवायचं तर इथं तलाव नाही, मोठं आजारपण आलं तर संभाजीनगर गाठावं लागतं, आणि आडनाव ऐकून गेलेली ती दोन घरं अजूनही त्याच गल्लीत आहेत. मी पुण्यात शिकले नसते, तर इथं मला कोणी मॅडम म्हटलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. पण जे गाव सोडून गेलात आणि तिथं नुसते टिकून आहात, त्यांना एवढंच सांगते की परत येणं म्हणजे दरवेळी हरणं नसतं. आणि जे कधी गेलाच नाहीत, त्या तुम्हाला मी मनातल्या मनात मागे राहिलेले समजत होते. त्याबद्दल माफी मागते. ज्यांच्या भरवशावर मी आज उभी आहे, ते सगळे इथंच होते.

गेल्या महिन्यात आर्याच्या शाळेचा फॉर्म भरत होते. ती शेजारी बसून पेन्सिलला टोक करत होती. "आई, लवकर भर, मी खेळाले जाऊन राह्यली," म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. फॉर्मवर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने होते. गेली वीस वर्षं, दर फॉर्मवर, मी त्यात दोन वेगळी गावं लिहीत आले. या वेळी वर चिखलीचा पत्ता लिहिला. खालच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे.