शेवटच्या पानावरच्या चार ओळी

बाबांनी माझी पेटी सायकलच्या कॅरिअरवर दोरीनं आवळली आणि आम्ही स्टँडकडे चालत निघालो. ते सायकल धरून, मी मागून पेटी धरून. माय चर्चच्या फाटकापर्यंत आली. फाटकाच्या आतच आमचं घर होतं. मंडळीनं आपल्या पाळकाला, म्हणजे बाबांना, राहायला दिलेल्या दोन खोल्या, ओसरी आणि मागं सीताफळाचं झाड. "पत्र टाकत जाजो, अन् रविवार चुकवू नको," एवढंच ती म्हणाली. पाळकाचा मॅट्रिक झालेला मुलगा नागपूरला छापखान्यात कामाला चालला होता, त्यात विशेष काही नव्हतं. आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतून असे किती गेले, तुम्हीच मोजा. जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघालात, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे. गोड लिहिणार नाही. गोड लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

एसटीला वेळ होता. बाबा बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोरच्या रसवंतीकडे बघत बोलले. माझ्याकडे बघितलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"शमू, एक गोष्ट सांगतो. तुह्या मायलेबी नाई सांगतली. अकरा वर्षं होऊन राहिले. मी पुलपिटावर उभा राहतो, प्रार्थना करतो, लोकं आमेन म्हणतात. पण तो तिथं नसते गा. रिकाम्या भिंतीसंगं बोलून राहिलो मी."

मी विचारलं, "मग उभे काहून राहता?"

"लोकं येतात म्हणून," बाबा म्हणाले. मग टोपी झटकून डोक्यावर घातली. "नागपुरात मोठमोठ्या मंडळ्या हायेत. तुले तिथं तो भेटला, तर मले एक कार्ड टाकजो."

बस आली. एवढं बोलून माझ्या बापानं मला शहरात पाठवलं. नोकरी मला करायची होती. त्यांनी मला देव शोधायला पाठवलं होतं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात गोविंदरावांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मी खिळे जुळवायला शिकलो. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळीत बसवायची. सहा महिन्यांत मला उलटं वाचायची इतकी सवय झाली की सुलट पाटी वाचताना अडखळायचो. खोली सक्करदऱ्याला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. गोविंदराव देवभोळे, कपाळाला गंध, पण माझ्या ख्रिस्तीपणाची त्यांना गंमत वाटायची. "शमुवेल, तुमचा देव रविवारीच काहून भेटते रे? आमचा तर कधीबी दार उघडते."

मी हसायचो. आणि रविवारी धुतलेला शर्ट घालून त्या मोठ्या चर्चमध्ये जायचो. कोणतं चर्च, ते लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

पहिल्याच रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसलो. एक बाई हळूच म्हणाल्या, "इथं डॉक्टरसाहेब बसतात हो." मागे सरकलो. "इथं त्यांचे जावई." आणखी मागे. शेवटी खांबाआड जागा मिळाली. उपदेशाचं पुलपिट दिसत नव्हतं, पंखा दिसत होता. उपासना झाली. प्रार्थना थोडी, सूचना फार. साहेब लोक, म्हणजे परदेशी मिशनरी, बंगला सोडून गेल्यापासून त्या बंगल्यात कोणी राहायचं यावर दोन पक्ष पडले होते. एका रविवारी चर्चच्या दाराला दोन कुलपं होती, दोन्ही पक्षांचं एकेक. किल्ल्या दोघांकडे, तोंडं दोन दिशांना. पाळकसाहेबांनी पायरीवर उभं राहून आशीर्वाद दिला आणि लोक घरी गेले. कोणी रडलं नाही. कोणी गुडघे टेकले नाहीत. एक जण म्हणाला, "बरं झालं, लवकर सुटलो." मी त्या पायरीवर उभा होतो आणि मला बाबांचं बोलणं आठवत होतं. गावात निदान दार उघडं होतं आणि आत एक माणूस होता, ज्याला देव नसल्याचं दुःख होतं. इथं देव आहे की नाही, हा प्रश्न कुठल्याच पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

म्हणून आम्ही चौघं शनिवारी दुपारी माझ्या खोलीवर जमायला लागलो. सुशीलाताई नर्स होत्या, एक रेल्वेतला फिटर, एक कारकून आणि मी. सतरंजी घालायची, खिडकी उघडी, प्रार्थना. महिनोन् महिने काही झालं नाही. मग उन्हाळ्यातल्या एका शनिवारी झालं. काय झालं हे मला नीट सांगता येत नाही, आणि जे नीट सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. फिटर प्रार्थना करता करता मधेच थांबला. कोणी पुढं बोललं नाही. आणि ती शांतता भरलेली होती. कोणीतरी खोलीत आल्यावर आपण जसे सावरून बसतो, तसे आम्ही चौघं बसलो. स्टोव्हवरचा चहा उकळून गेला, तरी उठावंसं वाटलं नाही. तास गेला असेल. सुशीलाताई नुसतं म्हणाल्या, "आले होते."

आता सांगा, त्या संध्याकाळी मी काय करायला हवं होतं? पंधरा पैशांचं कार्ड आणायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती. बाबा, भेटला.

मी पत्रक लिहायला बसलो.

माझी समजूत अशी होती की ही गोष्ट एकट्या बापाला सांगण्याइतकी लहान नाही. सगळ्या मंडळ्यांना हलवून जागं करायला हवं. 'मंडळीतून देव कधी गेला?' असा मथळा. चार पानं. दोन कुलपं, डॉक्टरसाहेबांचा बाक, बंगल्याचं भांडण, सगळं आलं. संजीवन, म्हणजे मंडळीत नव्यानं जीव, हवं असेल तर आधी कबुली द्या, सगळ्यांसमोर, नावानिशी. छापखाना बंद झाल्यावर मी स्वतः खिळे जुळवले. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली.

छापखान्यात उरलेली जागा भरायला वेलबुट्टी असते, फुलं असतात, नुसती रेघ असते. मी बाबांना घातलं. 'माझे वडील पाळक आहेत. त्यांनी मला सांगितलं की अकरा वर्षं ते रिकाम्या भिंतीशी बोलत आहेत. हे बोलायची हिंमत तुमच्यापैकी किती पाळकांत आहे?' खाली माझं नाव.

सकाळी गोविंदरावांनी प्रूफ वाचलं. चष्मा कपाळावर ढकलला. "बाकी झोडलं ते ठीक. पण हे तुह्या बापानं तुले सांगतलं, का छापखान्याले?"

"सत्य खासगी नसतं, काका."

"तुमच्या देवाले पत्रकाबिगर बोलावताच येत नाई का गा?" ते म्हणाले. "ते चार ओळी काढ. फूल टाक तिथं."

चार ओळी काढायला मला दोन मिनिटं लागली असती. मी काढल्या नाहीत. मला वाटलं, मी बापाचा गौरवच करतो आहे.

पाचशे पत्रकं त्या मोठ्या चर्चच्या फाटकात उभं राहून वाटली. नागपुरात एकानंही त्यातली ओळ अंगाला लावून घेतली नाही. लोकांनी पत्रकानं वारा घेतला. डॉक्टरसाहेबांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "छपाई छान आहे." कुलपं होती तिथंच राहिली. पण आपल्या गावचा कोणीतरी लग्नाला आला होता, तो एक पत्रक घेऊन गेला. तुमच्यापैकीच कोणीतरी. नाव मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

पुढचं मायनं सांगितलं, इथं या खोलीत, सतरंजीवर बसून, माझ्याकडे न बघता. "मंडळीच्या पंचांनी बोलावलं. म्हणाले, 'पाळकसाहेब, पोरानं खोटं लिहिलं एवढं म्हणा, विषय मिटला.' तुहे बाबा उभे राहिले अन् म्हणाले, 'पोरानं खरं छापलं हाये.' बस, तेवढंच." महिनाअखेर घर खाली करून मागितलं. ज्या माणसाला देव जाणवत नाही त्याच्या हातचं प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस, कसं घ्यायचं, म्हणे. मग दोघं सामान घेऊन माझ्या खोलीवर राहायला आली.

पंचांनो, अकरा वर्षं त्याच हातचं घेतलंत. तुमची लग्नं त्यांनी लावली, तुमची माणसं त्यांनी पुरली. तुम्हाला तरी तो तिथं जाणवत होता का? ज्याला जाणवत होता त्यानं हात वर करावा. तुमच्यात एक माणूस खरं बोलला आणि तुम्ही त्याचं छप्पर काढून घेतलंत. आता तुमच्याकडे नवा पाळक आहे, ऐकतो की आवाज फार गोड आहे. ऐका. हे मी तुमच्या तोंडावर म्हणेन, पुन्हा छापेन, माझं नाव घालून.

पण तुम्हाला दगड मारताना माझे हात स्वच्छ नाहीत, हेही इथंच लिहितो. तुम्ही त्यांचं वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरलंत. मी ते जागा भरायला वापरलं.

शनिवारी आम्ही चौघं जमलो की बाबा चप्पल घालून तळ्याकडे जायचे. सुशीलाताई म्हणायच्या, "बाबा, बसा ना आमच्यात." तर हसून म्हणायचे, "नको वं बाई. बसलो तर उद्या छापून येईन." सगळे हसायचे. मी पण हसायचो, दुसरं काय करणार. आमची प्रार्थना आताशा लवकर संपते. ती दुपार पुन्हा आली नाही. बाहेर उन्हात एक म्हातारा आपल्यामुळं बसला आहे, हे माहीत असताना खोलीत काय भरणार?

परवा मी प्रार्थना अर्धी सोडून उठलो आणि त्यांच्यामागं गेलो. ते कठड्यावर बसले होते. पाणी खूप खाली गेलं होतं, म्हशी चिखलात बसल्या होत्या. शेजारी बसून मी त्यांना त्या उन्हाळ्यातल्या शनिवारचं सगळं सांगितलं. फिटर कसा थांबला, चहा कसा आटला, सुशीलाताई काय म्हणाल्या. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता रडतील.

"पत्रकाच्या आधी का नंतर?" त्यांनी विचारलं.

"आधी."

"किती आधी?"

"आठ दिवस."

"पोस्टमन रोज फाटकापुढूनच जाये गा," ते म्हणाले. "मी उभा राहो."

मला बोलता येतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चार पानं मी एका बैठकीत लिहितो. कार्डावरची ती एक ओळ मात्र मी लिहिली नव्हती.

ऊन कलल्यावर बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांची माती, मंडळी, सीताफळ, पुलपिट, सगळं माझ्यामुळं सुटलं, आणि मी मनाशी म्हणत आलो होतो की आता आम्ही तिघं आहोत तेच घर. ते चार पावलं पुढं गेले, मग थांबले, माझ्यासाठी.

"चाल," ते म्हणाले. "माय वाट पाहून राहिली असन तुह्या खोलीवर."