एका वेळी एकच गोष्ट

"काय बदललंस?"

काकांच्या तोंडून 'ये, बस'च्या आधी हा प्रश्न यायचा. आपण म्हणावं, "काका, सकाळपासून डोकं दुखतंय," की ते चष्मा कपाळावर चढवणार, मान जराशी तिरकी करणार आणि विचारणार, "काय बदललंस?" उशी बदलली का, चहाची पावडर बदलली का, केस नेहमीपेक्षा घट्ट बांधलेस का. आपण एक गोळी मागायला गेलेलो असतो आणि परत येताना आपली जबानी घेतली गेल्यासारखं वाटतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो समोरून येताना दिसला की आपण वाट बदलतो आणि घरात काही बिघडलं की पहिल्यांदा त्याच्याच दाराची बेल वाजवतो.

काका हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी विमानांच्या यंत्रांवर गेली. मूळचे कराडकडचे, पण शेवटची बदली चंदीगडला झाली आणि ते तिथंच राहिले. का राहिलात असं विचारलं तर म्हणायचे, "अगं, या गावात सगळे रस्ते सरळ. वाट चुकली तर कुठं चुकली ते लगेच कळतं." काकूंचं कारण वेगळं होतं. त्यांना तिथली हिवाळ्यातली गाजरं आवडायची.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तेही करारावर. दर वर्षी उन्हाळ्यात करार संपायचा आणि पुढचा मिळेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. सामान चढवताना मी हमालाला "अहो, सांभाळून" म्हणाले, तेवढं मराठी खालच्या घरात पोचलं. काकू दार उघडून बाहेर आल्या आणि हातातलं खोकं काढून घेत म्हणाल्या, "आधी जेवायला चल." त्या दिवसापासून माझं निम्मं जेवण खालच्याच घरी.

काकांचा दुसरा मंत्र होता, "एका वेळी एकच गोष्ट." बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबायचं, बघायचं आणि मगच दुसरीला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते देवालाही सांगता येत नाही, असं ते म्हणत. हा नियम त्यांनी घरातही लावला होता. काकूंनी एकदा आमटीत गूळही वाढवला आणि चिंचही, तर काका ताटावर चमचा धरून बसले. "आता चव कशानं आली ते कसं कळायचं?" काकू म्हणाल्या, "कळायचं काही नाही, खायचं."

सोसायटीचा चौकीदार एकदा सायकल कुरकुरते म्हणून त्यांच्याकडे आला. तेलाचा डबा मागायला आला होता बिचारा.

"पहले ये बताओ भाई, बदला क्या?"

"कुछ नहीं बदला, साब जी."

"सोचो."

त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. "सीट ऊपर की थी, साब जी. परसों."

काकांनी सीट खाली घेतली. कुरकुर थांबली. चौकीदाराचे गुडघे मात्र पुन्हा हँडलला लागायला लागले, आणि दोन दिवसांनी त्यानं गुपचूप सीट वर घेतली. कुरकुरत का होईना, सायकल चालत होती. काकांना ते ऐकू जायचं, पण ते तिकडे बघायचे नाहीत.

तर आता माझ्या लॅपटॉपची गोष्ट.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी वर्गातून थेट काकांकडे गेले आणि लॅपटॉप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. काकांनी त्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी नुसतं झाकण लावून त्याला पिशवीत कोंबायची, आत तो चालूच असायचा. काकांना हे अजिबात खपलं नाही. "झाकण पडलं की यंत्र बंद झालं पाहिजे. ही अर्धवट झोप काय कामाची?" असं म्हणत त्यांनी एका बोटानं, फार वेळ लावून, सेटिंग बदललं. आता झाकण लावलं की लॅपटॉप पूर्ण बंद. मी बरं म्हटलं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा चहा प्यावा हे मी तोवर शिकले होते.

चहा पिताना मी मनगट चोळत होते. मी डावखुरी, आणि परीक्षेच्या वह्या तपासून डावं मनगट भरून आलं होतं. काका उठले, खण उघडला आणि तांब्याचं एक कडं आणलं. त्याच्या दोन्ही टोकांना लोहचुंबक बसवलेले होते. सेक्टर बावीसच्या बाजारातून कुणीतरी त्यांना आणून दिलं होतं. तसलंच एक त्यांच्या स्वतःच्या उजव्या हातात होतं. "दुखणं ओढून घेतं," ते म्हणाले. मी विज्ञान शिकवते हो. पण त्यांनी ते माझ्या हातात इतक्या मायेनं चढवलं की मी काही बोलले नाही. तेव्हापासून ते हातातच राहिलं.

त्याच आठवड्यात मला मुलाखतीचं पत्र आलं. नाशिकजवळच्या एका महाविद्यालयात कायमची जागा होती, आईबाबांच्या घरापासून तासाभरावर. मुलाखत ऑनलाइन होती आणि तिच्यात पडद्यावर चित्रं दाखवत एक पाठ शिकवून दाखवायचा होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दार उघडत होतं, आणि नेमका त्याच सुमारास लॅपटॉप आपोआप बंद पडायला लागला. काही सूचना नाही, काही नाही. वाक्य अर्ध्यावर असताना पडदा काळा.

सेक्टर चौतीसमधल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. "मॅडम जी, एकदम फिट है. मेरे पास तो एक बार भी बंद नहीं हुआ." घरी आणला आणि पहिल्याच पानावर पडदा काळा.

विभागातल्या सगळ्यांनी सल्ले दिले. बहुतेकांचं म्हणणं पडलं की दोष रजईचा. तिथल्या थंडीत माणूस रजईत बसूनच काम करतो, लॅपटॉप रजईवर, त्याचा श्वास कोंडतो, तो तापतो आणि बंद पडतो. म्हणून मी रजई सोडली. टेबलाशी शाल पांघरून, दात वाजवत बसले. लॅपटॉप तरीही बंद पडला, आणि वर मला सर्दी झाली.

शेवटी खाली गेले.

"काय बदललंस?"

"काहीच नाही, काका."

"काहीच नाही असं जो म्हणतो त्याच्याकडं हमखास काहीतरी सापडतं. ठेव इथं. आणि हात लावू नकोस."

मग काकांचा नियम सुरू झाला. एक दिवस दुसरा चार्जर. एक दिवस दुसरं सॉकेट. एक दिवस बॅटरी काढून. मला हात लावायची परवानगी नव्हती. काका स्वतः समोर बसून एका बोटानं काहीबाही टाइप करायचे. मी एकदा वाकून पाहिलं तर लिहिलं होतं, 'आज धुके आहे. आज पण धुके आहे.' लॅपटॉप गुणी बाळासारखा दिवसभर चालायचा. मी वर नेला की तासाभरात मान टाकायचा.

"अहो, तिची मुलाखत तोंडावर आलीय," काकू वैतागल्या. "तुम्हाला काय विमान उडवायचंय का?"

"घाई केली की बिघाड लपून बसतो," काका म्हणाले.

काका फिरायला गेले होते तेव्हा काकू गाजरं किसता किसता मला हळूच म्हणाल्या, "झोपेत पण तुझा लॅपटॉपच चाललाय यांचा. काल म्हणतात कसे, हा दुरुस्त झाला की पोरगी जाणार. मी म्हटलं, मग नका करू दुरुस्त. तर माझ्यावरच चिडले."

मी दुसरी किसणी घेतली आणि गाजर किसायला लागले.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी काका स्वतःची खुर्ची घेऊन जिना चढून वर आले. मागून काकू विणकाम घेऊन. "बिघाड यंत्रात नाही," काकांनी जाहीर केलं. "असता तर माझ्याकडं पण दिसला असता. तू उद्या जे करणार ते सगळं आत्ता कर. मी बघतो."

मी पाठ सुरू केला. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी कसं चढवतं, हा विषय. काका पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे बसले होते. "पंप नसताना?" त्यांनी मध्येच विचारलं. मी सांगितलं, वर पानातून पाणी उडत राहतं आणि खालचं ओढलं जातं. "वा," म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिलं. मी पुढच्या चित्राकडे वळले आणि पडदा काळा झाला.

"परत," काका म्हणाले.

परत सुरू केलं. थोडं बोलले, श्वास घ्यायला थांबले आणि पडदा काळा. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"परत," काका म्हणाले, पण या खेपेला खुर्ची सरकवून माझ्या डाव्या बाजूला आले. ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. मी बोलत होते, हातवारे करत होते, मग थांबले आणि डावा हात लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवला.

पडदा काळा.

काकांची नजर माझ्या मनगटावर होती. "ते काढ," ते हळू आवाजात म्हणाले.

मी कडं काढलं. लॅपटॉप सुरू केला, पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवला, हात हवा तसा टेकवला. काही झालं नाही. मग काकांनी कडं उचललं आणि त्या डाव्या कोपऱ्यावर नेलं. काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा नेलं. काळा.

"झाकणात एक बारका लोहचुंबक असतो," ते म्हणाले. "तो खाली आला की यंत्राला कळतं, झाकण पडलं. तुझा हात टेकला की याला वाटतंय झाकण पडलं. आणि झाकण पडलं की बंद व्हायचं, असं याला शिकवून ठेवलंय..." ते बोलता बोलता थांबले.

"कुणी शिकवलं?" काकूंनी सुईवरून नजर न काढता विचारलं.

काकांनी कडं टेबलावर ठेवलं.

"आणि कडं कुणी दिलं?"

काका खुर्चीत मागे टेकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. "दोन गोष्टी," ते स्वतःशीच म्हणाले. "एका दिवशी. एका चहात."

काकूंना हसू फुटलं. आधी त्यांनी ते विणकामात लपवायचा प्रयत्न केला, मग लोकर खाली पडली आणि त्या डोळे पुसत हसत राहिल्या. मीही हसले. इतक्या दिवसांची धास्ती त्या हसण्यात निघून गेली. काका मात्र गंभीर. "नोकरीत असं केलं असतं तर विमानाजवळ उभं केलं नसतं मला," ते म्हणाले. मग त्यांनाही हसू आलं, आणि एकदा आल्यावर ते बराच वेळ थांबलं नाही.

सेटिंग पूर्ववत करू का असं मी विचारलं तर लगेच हात वर केला. "कडं काढलंस ना? झालं. आता दुसरं काही बदलू नकोस."

मुलाखतीच्या वेळी ते माझ्या दाराबाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसले होते. बेल वाजू नये म्हणून. भाजीवाला वर यायला लागला तर त्याला त्यांनी हातानंच परतवलं. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं. तो चालू होता.

जागा मिळाली. पेढे घेऊन गेले तर काकूंनी मला जवळ घेतलं आणि काका उगाच खिडकीची कडी तपासत राहिले. निघायच्या दिवशी सामान खाली गेलं तेव्हा ते मला म्हणाले, "गाव बदललं, घर बदललं, नोकरी बदलली, हवापाणी बदललं. सगळं एकदम. उद्या करमेनासं झालं तर कशानं ते कसं शोधायचं?" त्यांनी खिशातून ते कडं काढलं आणि माझ्या उजव्या हातात चढवलं. "एक तरी तेच ठेव. आणि उजवाच हात, लक्षात ठेव."

मी ते ठेवलंय. लॅपटॉपही तोच आहे आणि त्याचं सेटिंगही. विद्यार्थ्यांना कधी गंमत दाखवायची असली की मी कडं काढून डाव्या कोपऱ्यावर नेते आणि पडदा काळा होतो. त्यांना जादू वाटते. मी त्यांना आधी विचारते, आत्ता काय बदललं?

नाशिकला आल्यावर दर रविवारी काकांचा फोन यायचा. हॅलो नाहीच. "काय बदललंस?" मी सांगायची, भाजीवाली बदलली, वर्ग बदलला, पडदे बदलले. ते ऐकून घ्यायचे आणि एका वेळी एकच ना, अशी खात्री करून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तिथंच. मी जाऊन आले. परत आल्यावर पुढच्या रविवारी मीच फोन लावला. काकूंनी उचलला. माझ्या तोंडून तेच निघालं.

"काकू, काय बदललं?"

पलीकडे बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "खुर्ची तिथंच आहे. चहा तसाच करते, दोन कप होतो. चौकीदाराची सायकल अजून कुरकुरते." मग त्या हसल्या. "एकच गोष्ट बदललीय बघ. नियमात बसते यांच्या."