भोपाळमधली पुढे ढकललेली गौर

२९ मार्च, रविवार. सकाळी साडेसहाला मी स्वयंपाकघरात बसून कैऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. दोन डझन कैऱ्या, किलोभर गूळ, मेतकुटाचा डबा आणि माझ्या थोरल्या बहिणीने, शैलाताईने, आदल्या दिवशी पाठवून दिलेलं एक पुडकं. पुडक्याला तिने इतकी चिकटपट्टी लावली होती की आत सोनं असावं असं वाटलं. शैलाताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यामुळे तिच्या मुलीकडे, ऋचाकडे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिच्याऐवजी मी जायचं ठरलं. ऋचाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. सासर भोपाळचं. हळदीकुंकू शुक्रवारी. शिवणक्लासला आठवडाभर सुट्टी देऊन मी जळगावहून गाडीत बसले.

खंडव्यापर्यंत बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती कापलेली शेतं आणि धूळ. हरद्याला समोर एक बाई येऊन बसल्या. माझ्या वयाच्या, हातात पितळी कड्यांचा डबा. नर्मदेचा पूल आला तशा सगळ्या डब्यातल्या बायका खिडकीशी सरकल्या आणि पाण्यात नाणी टाकू लागल्या.

"कहाँ जा रही हैं, बहनजी?" बाईंनी विचारलं.

"भोपाळ. बहीण की बेटी के घर."

"बाल-बच्चा?"

"अभी नहीं. दो साल हुआ शादी को."

"दो साल!" त्यांनी माझ्या हातात एक नाणं कोंबलं. "मैया से माँग लो, पुल निकल जाएगा."

मी नाणं त्यांना परत दिलं. ज्या मुलीला मूल व्हायचं किंवा नाही व्हायचं, तिला विचारल्याशिवाय आगगाडीतून अनोळखी बायकांनी मागण्या नोंदवायच्या, हा काय प्रकार आहे? बाईंनी ते नाणं स्वतःच पाण्यात टाकलं आणि माझ्या वतीने हात जोडले. त्याआधी इटारसीचा चहा त्यांनीच पाजला होता, हेही लिहायला हवं.

नदीनंतर घाट लागतो. सागाची झाडं उघडी पडलेली आणि त्यांच्यामध्ये पळस असा पेटलेला की उन्हाकडे बघवत नव्हतं, पण पळसाकडे बघवत होतं. बोगदे संपले आणि तासाभरात भोपाळ आलं.

स्टेशनावर ऋचा न्यायला आली होती. रिक्षावाल्याने दुसऱ्या रिक्षावाल्याला "को खाँ!" (काय राव!) अशी आरोळी दिली आणि आम्हाला चढउताराच्या रस्त्यांवरून जवाहर चौकात आणून सोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर. ऋचा प्रत्येक जिन्यावर थांबत होती. मी चोपन्न वर्षांची, हातात कैऱ्यांची पिशवी, आणि ही सत्तावीस वर्षांची मुलगी कठडा धरून दम खात होती.

"काय गं, आजारी आहेस?"

"नाही मावशी. ऑफिसात जास्त काम आहे."

तिच्या सासूबाई, शोभाताई, दारात उभ्या होत्या. हसतमुख बाई. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून सून म्हणून इथे आल्या. त्यांचे सासरे त्याच्याही आधी सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले. बोलणं असं: "ताई, तुम्ही आधी चाय पिऊन घ्या. मग फ्रेश व्हा. टेन्शन नका घेऊ, सगळं रेडी आहे." ऋचाचा नवरा सौरभ गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनियर. तो वाकून नमस्कार करून मोबाईलमध्ये गेला तो जेवायलाच बाहेर आला.

सोमवारी सकाळी पोहे आणि जिलेबी. इथे पोहे किंचित गोड करतात, बडीशेप घालतात, वरून शेव इतकी की पोहे शोधावे लागतात, आणि बरोबर जिलेबी. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं. दुसऱ्यांदा मागून घेतले.

मग पिशवी उघडली तर आत घोटाळा. शैलाताईच्या पुडक्यात पन्ह्याची बाटली होती, ती फुटली होती. गुळाचं पाणी झिरपून माझ्या दोन साड्यांना लागलेलं. पुडकं कापून आतल्या वस्तू पुसून ठेवायला घेतल्या. खण, तांब्याचा करंडा, आणि रुमालात बांधलेल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. बरोबर चिठ्ठी, माझ्या बहिणीच्या अक्षरात: "शुक्रवारसाठी. मंगळवारपासून सुरू कर. जेवणानंतर घे."

गोळ्या कसल्या हे मला वाचायची गरज नव्हती. पाळी पुढे ढकलायच्या. आमच्याकडे घरोघरी सणासुदीला त्या मुरमुऱ्यांसारख्या येतात. पण या मी स्वतः जळगावहून मांडीवर घेऊन आले होते, चारशे किलोमीटर, कैऱ्यांबरोबर! मला इतका राग आला की पन्ह्याने चिकटलेले हात मी तीनदा धुतले.

ऋचा डबा घरी विसरून गेली होती. शोभाताई म्हणाल्या, "राहू द्या, बाहेर खाईल." मी म्हटलं, मला गाव बघायचंय, आणि डबा घेऊन महाराणा प्रताप नगरात गेले. तिथे इतके कोचिंग क्लास की फुटपाथवर पाठीवर दप्तर नसलेली मी एकटीच. ऋचा खाली आली. ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा उघडला. मी गोळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

तिने आधी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्यावर पोळीचा कागद टाकला. "आईला मीच सांगितलं होतं पाठवायला. इथल्या केमिस्टकडे सगळे ओळखीचे आहेत."

"कितव्यांदा?"

"वर्षात पाचव्यांदा. गणपती, नवरात्र, संक्रांत, दिरांचं लग्न, आणि हे." पोळीचा तुकडा भाजीत फिरवत ती म्हणाली, "दिरांच्या लग्नानंतर पंधरा दिवस रक्त थांबलं नाही. डॉक्टर खूप चिडली. आता पुन्हा घेतल्यास तर माझ्याकडे येऊ नकोस म्हणाली."

"सौरभला माहीत आहे?"

"वीकनेस आहे एवढं माहीत आहे."

"आणि तरी तू घेणार?"

"मावशी, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी चैत्राआधीच वार वाटून घेतलेत. प्रत्येक घराचा दिवस ठरलाय. आम्ही तारीख बदलली की ग्रुपवरच्या चाळीस बायकांना कळणार, का बदलली ते. सासूबाई एकट्याच बसवतील गौर, मी खोलीत. पण आरास माझी असते गं! कलिंगडाची कमळं, डाळीच्या मुदी, झोपाळा. वर्षातून एकदा मला ते करायला मिळतं. ते सोडून मी आत बसून पावलं मोजू, कोण कोण आलं?"

या मुलीला गौर हवी होती. मनापासून हवी होती. तिला कोणी बळजबरी करत असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

मंगळवारी मी शोभाताईंबरोबर जवाहर चौकात बाजाराला गेले. हरभरे, फुलं, केळीची पानं. कैऱ्या मी आणल्या होत्या तरी शोभाताईंना आणखी हव्या होत्या. गाडीवाल्याने कैरी कापून पुढे केली. "चख के देखो माताजी, दाँत खट्टे न हों तो पैसे वापस!" शोभाताईंचे दात आंबले, पैसे गेले, आणि त्या खूश झाल्या. मी म्हटलं आता बोलावं.

"विहीणबाई, ऋचाने गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

त्या थबकल्या. "हे मला पता नव्हतं. पण मी तर तिला कधी म्हटलं नाही हो, गोळी घे म्हणून."

"खोलीत बस म्हणालात ना?"

"बस काय! फक्त देवाला नाही शिवायचं. माझ्या सासूबाई मला मागच्या पडवीत बसवायच्या, चार दिवस, वेगळं ताट. मी किती सूट दिली! आणि गोळ्या मी पण घेतल्या, ताई. तेरा वर्षं."

"मग तुम्हाला तर जास्त कळायला हवं."

त्यांनी हरभऱ्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अक्षय्यतृतीयेपर्यंत गौर असते," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी करा."

"पुढच्या शुक्रवारी दुसऱ्यांचा नंबर आहे."

"त्यांच्याशी बदला."

"त्या विचारतील ना, का?"

"सांगा."

"असं कसं सांगायचं?"

अख्खा महिना मोकळा पडलाय. देवी झोपाळ्यावर बसायला महिनाभर तयार आहे. आणि एक मुलगी आपलं रक्त थांबवायला निघाली आहे, कारण चाळीस बायकांना, ज्यांना स्वतःला दर महिन्याला पाळी आली किंवा येऊन गेली, एक शब्द सांगायचा नाही! मी हे सगळं भर चौकात, मोठ्याने बोलले. फुलवाली हार ओवायची थांबली. शोभाताई म्हणाल्या, "घरी चला."

घरी येईपर्यंत त्या माझ्या चार पावलं पुढे चालत राहिल्या.

संध्याकाळी ऋचा ऑफिसातून आली, तेव्हा चौकात मी काय बोलले ते तिला सांगून टाकलं. जेवणानंतर पहिली गोळी घ्यायची होती. तिने चहा घेतला, टेबलाशी बसली आणि मोबाईलवर बराच वेळ काहीतरी लिहीत, खोडत राहिली. मग सौरभला म्हणाली, "वाच."

त्याने मोठ्याने वाचलं: "शुक्रवारी मला पाळी असणार आहे. ती पुढे ढकलायच्या गोळ्यांनी माझी तब्येत बिघडते, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या आहेत. आमचं हळदीकुंकू पुढे न्यायचं आहे. कोणी दिवस बदलून देईल का? ऋचा."

"ये ग्रुप पे डालोगी?" तो म्हणाला.

"टाकलं."

सौरभचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पंधरा दिवस तू आजारी होतीस, ते यामुळे?"

"हो."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"तू विचारलंस का, गणपती असो नवरात्र असो, माझी पाळी दर वेळी बरोब्बर कशी चुकते ते?"

त्याने मोबाईल तिच्यापुढे ठेवला. मला त्याची दया आली नाही.

दहा मिनिटांनी शोभाताईंचा फोन वाजला. पलीकडच्या बाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ग्रुपवर पुरुषांनीही वाचलं तर कसं दिसेल, अशी त्यांची तक्रार.

शोभाताई उठून उभ्या राहिल्या. "काय चुकीचं लिहिलं तिने? तिची तब्येत आहे. ग्रुप तर बायकांचा आहे, तुमच्या घरी पुरुष तुमचा फोन वाचत असतील तर त्यांना सांगा, वाचू नका." फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "खूश?" आणि देवघरात जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

पुढच्या शुक्रवारवाल्यांनी दिवस बदलून दिला नाही. कोणीच दिला नाही. उरली तेरा तारीख, सोमवार, दुपारी बारा ते दोन. त्या उन्हात चाळीसातल्या दहा बायका आल्या तरी खूप. ऋचाला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागणार होती, आणि मला तोवर थांबणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्या गौरीसाठी मी इतक्या लांब गेले ती मी पाहिलीच नाही.

बुधवारी शैलाताईचा फोन आला. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "मी तिच्या भल्यासाठीच पाठवल्या. सासरी तिला कोणी बोलू नये म्हणून." आणि शेवटी म्हणाली, "तू फार शहाणी. तुझ्या सुनेला तू तारीख विचारत नाहीस का?" मी फोन कापला.

गुरुवारी ऋचाला पाळी आली. शुक्रवारी संध्याकाळी ती मला मोठ्या तलावावर घेऊन गेली. पलीकडचा काठ दिसत नाही इतकं पाणी, कठड्यावर बसलेली गर्दी, भाजलेली कणसं. मी म्हटलं, आता घरी गेल्यावर देवाला दिवा तूच लाव.

"नाही लावणार."

"एवढं सगळं करून?"

"मावशी, चार दिवस देवाला हात लावायचा नाही हे मी पाळते. मला पाळावंसं वाटतं, लहानपणापासून तेच पाहिलंय. उद्या कदाचित नाही वाटणार. पण ते माझं मी ठरवीन. गोळी मी ठरवली नव्हती, भीतीने घेत होते." तिने कणसाला लिंबू चोळलं. "आणि देवीला चालत नसेल तर ती मला सांगेल ना. ग्रुपवर कशाला टाकेल?"

मला तिचं पटलं नाही. रागही आला. पण ती त्या दिवशी तीन मजले न थांबता चढली, हे मी पाहिलं.

शनिवारी निघताना शोभाताईंनी माझी ओटी भरली आणि प्रवासासाठी वाटल्या डाळीचा डबा दिला. "तेराला फोटो पाठवीन," एवढंच म्हणाल्या. गाडीत मी शैलाताईवर, मंडळावर, सौरभवर, हरद्याच्या त्या बाईवर, सगळ्यांवर रागावून घेतलं. नर्मदा मागे गेली आणि रागवायला कोणी उरलं नाही, तेव्हा शैलाताईचा तो सुनेबद्दलचा प्रश्न पुन्हा आला. मी सुनेला कधी गोळी दिली नाही, याचा मला अभिमान होता. मी फक्त दर आषाढात म्हणायचे, "अपर्णा, गणपतीच्या तारखा बघून ठेव हं." आणि गेली चार वर्षं अपर्णाची पाळी गणपतीत कधीच आली नव्हती. ही सोय कोणी केली, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. सौरभला मी उगीचच बोल लावत होते असं नाही, पण त्याच्या शेजारी मलाही बसवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपर्णा मोरीत दात घासत होती. मी जाऊन म्हटलं, "गणपतीच्या तारखा मी यापुढे विचारणार नाही. तू गोळ्या घेत असशील तर बंद कर. पाळी आली तर पूजा करायची, नाही करायची, तुझं तू ठरव. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

तिने तोंडातला फेस थुंकला. "आई, भोपाळला काय झालं?"

"आधी सांग, घेतेस का?"

तिने नळ बंद केला आणि बोटांवर मोजायला लागली. मी तिथेच पाट ओढून बसले.