मशीनवरचं कुंकू

दुकानदारानं माझ्या शेवयाच्या मशीनवरून बोट फिरवलं आणि ते बोट वर धरून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं. बोटाला कुंकू लागलं होतं.

"हे काय हाय?"

मी म्हणाले, "कुंकू."

"ते मला दिसतंय. लावलं कुणी? घरी सासू हाय? जाऊ हाय?"

"कुणी न्हाई."

"मंग तूच लावलं." तो गल्ल्यावर हात ठेवून हसला. "बघा हो. नवरा खाऊन बसलेली बाई मशीनला कुंकू लावती. मंग मशीन जित्तं ऱ्हाईल का?"

दुकानात सहा-सात माणसं होती. पंखा घ्यायला आलेलं तलवाड्याकडचं एक जोडपं होतं. त्यातला नवरा मोठ्यानं हसला. बायकोनं तोंडाला पदर लावला. ती हसली की नाही, ते मला दिसलं नाही.

मी हसले. हे लिहायला लाज वाटते, पण मी पण हसले. सगळे हसतात तेव्हा आपण हसलो की लवकर संपतं, एवढंच मला येत होतं.

माझा नवरा माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. काविळीनं गेला. त्यानंतर मी लोकांच्या घरी शेवया करायला लागले. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पाटावर बसायचं, बोटांनी धागा ओढायचा, काठीवर वाळत घालायचा. माझा धागा बारीक येतो. या दुकानदाराच्या थोरल्या लेकीच्या लग्नात रुखवतात शेवया मांडल्या होत्या, त्या माझ्या हातच्या. आठ दिवस त्यांच्या माडीवर बसून केल्या होत्या. मांडायच्या दिवशी मला म्हणाले, तू आता जा, पाहुणे यायलेत.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचायला सावकाश येतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी फेकत नाही, वाचून मग चुलीत घालते. अशाच एका साखरेच्या पुडीवर जाहिरात होती. शेवयाचं मशीन, मोटारीवर चालणारं. घरबसल्या उद्योग. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बिघाड निघाल्यास पूर्ण पैसे परत.' तो कागद मी चुलीत घातला नाही.

तेव्हा सगळीकडे असंच चाललं होतं. पत्र टाका, माल घरी येतो. घड्याळं येत होती, मिक्सर येत होते. मी पण पत्र टाकलं. मंगळसूत्रातल्या दोन सोन्याच्या वाट्या डब्यात पडून होत्या. नवरा गेल्यावर पोत तोडली, वाट्या उरल्या. त्या विकल्या. अर्धे पैसे मनिऑर्डरनं आधी पाठवले, अर्धे ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल सोडवताना दिले. तिथं मी म्हणाले, पेटी उघडून बघू द्या. माणूस म्हणाला, "आधी पैसे. मंग घरी नेऊन बघत बस."

घरी आणलं. हिरव्या रंगाचं, चकचकीत. मोटारीवर वेगळा काळा रंग. शेजारपाजारच्या बाया जमल्या. रवा भिजवून आणलेले डबे सगळ्यांच्या हातात होते. रमजान महिना पण जवळ होता, म्हणून मागल्या गल्लीतल्या मुसलमान बाया पण आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, पूजा कर आधी. आमच्याकडं नवी वस्तू अशीच कुणी चालू करत नाही. सायकल असो, पिठाची गिरणी असो. मी ताटात हळद-कुंकू घेतलं. बायांमध्ये चार-पाच सवाष्णी होत्या. कुणाच्या तरी हातात ताट द्यायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं.

पण वाट्या माझ्या होत्या. पत्र मी टाकलं होतं. मी स्वतःच बोट बुडवलं आणि मशीनवर पाच बोटं ओढली. बाजूच्या दगडावर नारळ फोडला. माझ्या हाताला तीन वर्षांत पहिल्यांदा कुंकू लागलं होतं. चांगलं वाटलं. खरं सांगते, लई चांगलं वाटलं.

बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. जाळीतून वीतभर शेवया आल्या. मग जळकट वास आला, मोटारीतून धूर निघाला आणि सगळं थांबलं.

बाया आपापले डबे घेऊन गेल्या. जाताना एक जण दुसरीला हळूच म्हणाली, "सवाष्णीच्या हातानं करायची असती गं पूजा."

हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतकं.

त्यानंतर मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला गेले. निम्मं पुसलं गेलं, निम्मं खाचांत राहिलं.

गल्लीत रशीदभाई जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. त्यांनी येऊन मोटार खोलली. आतली तार मला दाखवली, काळी पडलेली. वरून नवा रंग.

"आपा, मोटर पुरानी है. एक बार जलेली है. उपर से रंग मारके भेज दिये. तुमारा कुछ कसूर नै."

मी विचारलं, "नारळाचं पाणी?"

"पानी का एक ठिपका नै अंदर."

त्यांनी डोळ्यांसमोर दाखवलं तरी माझ्या मनातून ते गेलं नाही. मशीन कोपऱ्यात होतं आणि मी त्याच्याकडं पाठ करून जेवत होते. आपणच हात लावला. आपल्या हाताला तेवढंच येतं. असं मी स्वतःला बोलत होते. कुणी बोलायची गरजच नव्हती.

कंपनीला तीन पत्रं टाकली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, तुमच्या गावात आमचे प्रतिनिधी आहेत, ते मशीन तपासतील, पैशाचं तेच बघतील. प्रतिनिधी म्हणजे हाच दुकानदार. त्यानं निरोप धाडून दिवस कळवला. रशीदभाईंनी हातगाडा दिला आणि स्वतः ढकलत माझ्यासोबत आले.

तर त्या दिवशी कुंकवाचं बोट दाखवून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "कुंकू लावलं म्हंजी नारळ बी फोडलाच असंल. त्याचं पाणी मोटारीत घातलं आन म्हणती माल खराब. काय रशीद, काय दिसलं तुला आत?"

रशीदभाई दारात उभे होते. त्या दुकानातल्या जळालेल्या मोटारी भरायला त्यांच्याकडंच येतात. त्यांचं घर त्यावर चालतं. ते खाली बघत राहिले.

"मेरेकू बीच में मत डालो सेठ," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. मग बघायचं सोडलं.

आतल्या दारातून दुकानदाराची बायको आली. मला ओळखत होती. माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याला म्हणाली, "आवं, ते कुंकू आधी पुसा बरं. संध्याकाळी दिवा लावायचाय इथं. कुणाच्या हातचं हाय न काय."

त्यानं मशीनवर फडकं टाकलं. मग गल्ल्यातून एक कागद काढला, शाईचा डबा काढला आणि नोटा काढून काचेवर ठेवल्या. साडेचार हजारांच्या मशीनचे अठराशे.

"कंपनीची मेहरबानी म्हणून एवढे. वापरलेला माल, त्यात तुझी करणी. लाव अंगठा."

"मला सही येती," मी म्हणाले.

"आता सही करायला लागली का? ए, अंगठा लाव, गिऱ्हाईक खोळंबलंय."

त्यानं माझा हात धरला. चार माणसांच्या समोर मनगट धरलं आणि अंगठा शाईत दाबला. एवढ्या वर्षांत परक्या माणसानं माझा हात धरला नव्हता. ज्या हातानं कुंकू लावलं म्हणून मशीन मेलं, तो हात धरायला त्याला काही वाटलं नाही. तो अंगठा कागदाकडं ओढत होता आणि मी बघत होते, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात आहे.

मग मी मूठ आवळली. अंगठा आत घेतला. शाई तळहाताला लागली.

"न्हाई."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"काय न्हाई?"

"आधी वाचते."

डाव्या हातानं कागद उचलला. टाइप केलेला होता. मी एक-एक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागले. मला मनात वाचता येत नाही, ओठ हलवावेच लागतात. तलवाड्याचा तो माणूस परत हसला. मी वाचत राहिले. 'सदर मशीन ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे निकामी झाले असून, ग्राहकाची यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली कंपनीचा गोल शिक्का. शिक्क्याजवळ तारीख.

तारखेवर मी थांबले. परत वाचली.

"मालक, हे कागद कधी आलं?"

"आलं असंल मागल्या महिन्यात. तुला काय करायचंय?"

"मशीन तर तुमी आज बघितलं."

त्यानं कागदाला हात घातला. मी कागद मागं घेतला.

"कुंकू तुमाला आज दिसलं. माझी चूक मागल्या महिन्यातच लिहून आली कशी?"

हे मी त्याला विचारत होते, पण कळत मला होतं. तिथं उभ्या उभ्या कळत होतं. पूजा मी केली नसती, सवाष्णीनं केली असती, कुणीच केली नसती, तरी कागद हाच आला असता. त्यांनी जळालेली मोटार रंगवून पाठवली तेव्हाच हा कागद पण तयार होता. कुंकू नंतर सापडलं. ते सापडलं नसतं तर दुसरं काही सापडलं असतं. आणि एवढे दिवस मी घरात बसून त्यांचं काम करत होते. स्वतःला दोष लावायचं काम. फुकट.

दुकानदार उठून उभा राहिला. "लई शहाणी झालीस गं? घ्यायचे तर घे अठराशे, न्हाई तर ने ते भंगारात. उद्या हे बी मिळायचे न्हाईत."

मी नोटांना हात लावला नाही. त्याच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, ताईच्या रुखवतातल्या शेवया याच हाताच्या होत्या. तवा दिवा विझला का तुमचा?"

ती आत निघून गेली. तलवाड्याची बाई आता तोंडावरचा पदर काढून माझ्याकडं बघत होती.

कागद मी घडी करून ब्लाउजमध्ये घातला. तो "कागद ठेव, ए, कागद ठेव" म्हणून ओरडत होता. मशीन मी आणि रशीदभाईंनी परत गाड्यावर घातलं. घराशी आल्यावर ते म्हणाले, "आपा, माफ करना." माफी मला देता आली नाही, अजून पण आलेली नाही.

तो हंगाम गेला. हातानं केल्या तेवढ्याच शेवया. त्या दुकानदारानं चार घरी सांगितलं, हिच्याकडनं करून घेऊ नका, हिचा हात चांगला नाही. दोन घरं तुटली. मोठी होती, मोंढ्यातली.

बीडला गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारं कोर्ट आहे, असं गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी सांगितलं. तहसीलीच्या समोर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्यातल्या एकाकडं गेले. पुडीचा कागद दाखवला, शिक्क्याचा कागद दाखवला. म्हातारा माणूस, बोलायला बरा. तारीख बघून म्हणाला, "हे चांगलं हाय. पण पूजेचं काही लिहू नका. विचारलंच तर सांगा, शेजारच्या सवाष्णीनं केली. उगं त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?"

त्यानं माझ्या भल्यासाठीच सांगितलं असेल. मी त्याचे पैसे दिले आणि कोरा कागद घेऊन उठले.

अर्ज मीच लिहिते आहे. तीनदा फाडला. जोडाक्षरं चुकतात. बीडला तो वाचतील तेव्हा हसतील, हसू देत. मशीन कोपऱ्यात आहे, आता मी त्याच्याकडं तोंड करून जेवते. त्याच्यावरचं उरलेलं कुंकू मी पुसलेलं नाही. कोर्टानं मागितलं तर तसंच नेऊन ठेवणार आहे. पैसे मिळतील की नाही, मला माहीत नाही. कमी देतो म्हणाले तर घेणार नाही. अंगठा लावणार नाही.

अर्जातली पहिली ओळ ठरली आहे. ती मी बदलणार नाही.

मी विधवा आहे. मशीनला कुंकू मीच लावलं. मोटार त्याच्या आधीच जळालेली होती.