वामनरावांनी न पाहिलेली राणी

चामोर्शीपासून आत, धानाच्या बांध्यांमधून वळत जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथे वामनराव राहतात. वय सत्तर. तीन एकर धान, दोन म्हशी, मुलगा सूरजागडच्या लोहखाणीकडे ट्रक चालवतो, घरी बायको कमलाबाई आणि सून दीपाली. माणूस असा अबोल, की दुकानात गेला तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवतो. या माणसाला बघायला एकेकाळी चार कोसांवरून लोक बंड्या जुंपून येत, असं कुणी सांगितलं तर आजची पोरं हसतील. पण येत होते.

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली, की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. त्या दिवशी भरदुपारी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या पटांगणात, दंडार व्हायची, नाचगाण्याचं सोंगी नाटक. मंडप नाही, पडदा नाही. ढोलकी, झांज आणि भोवती माणसांचं कडं. बाईची सोंगंही पुरुषच घेत. वामनराव पंधराव्या वर्षी राणी झाले आणि चोविसाव्या वर्षापर्यंत राणीच राहिले. आईचं हिरवं लुगडं, गंगावन, तोंडाला सफेदा. राणी रिंगणात आली की बाया म्हणत, बाप्पा, हे पोरगं आहे असं सांगू नका कुणाला.

मग लग्न ठरलं. गोंडपिपरीकडची मुलगी, कमला. सासऱ्यांनी एकच अट घातली: जावयाने दंडार सोडायची. लुगडं नेसून नाचणारा नवरा मुलीला चालत नाही, असं कळलं. वामनरावांनी सोडली. लुगडं धुऊन, घडी करून आईला परत दिलं. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं त्या घरात दंडारीचं नाव निघालं नाही. दर मंडईच्या दिवशी ते धान बघायला म्हणून बांधीवर जात आणि ढोलकी थांबली की परत येत. पुढे गावातली दंडारच बंद पडली, तरी त्या दिवशी त्यांचे पाय बांधीकडेच वळत. कमलाबाई जेवायला वाढत. कुणी कुणाला काही विचारत नसे. बायकोला आपली लाज वाटते, हे वामनरावांनी मनाशी पक्कं धरलं होतं, आणि एकदा पक्कं धरलेलं सोडायचं नाही ही त्यांच्या घराण्याची जुनी खोड.

यंदा गावातल्या पोरांनी दंडार पुन्हा उभी करायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष अजय मोटरसायकल घेऊन दारात आला.

"वामनभाऊ, तुमचा राणीचा फोटो पाह्यजे. जुन्या कलाकारांचा बॅनर छापून राह्यलो. उद्या बाजारचा दिवस, चामोर्शीले देऊन येतो."

"फोटो नाई माह्यापाशी."

"एकबी नाई?"

एकही नव्हता. राजाचं काम करणाऱ्या भैयाजींनी एकदा सगळ्यांना चंद्रपूरच्या स्टुडिओत नेलं होतं, पण त्या दिवशी वामनरावांच्या खळ्यावर धानाची चुरणी चालू होती. भैयाजी आता हयात नाहीत, त्यांचा तलवारीचा फोटो मागे राहिला. अजयने मोबाइलवर बॅनरचा नमुना दाखवला. आठ गोलांत आठ चेहरे, नवव्या गोलात नुसतं नाव. वामनराव त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिले.

त्यांना बॅनरचं फारसं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. राणी साऱ्या परगण्याने पाहिली होती, एकट्या वामनरावांनी नाही. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण तोंडाला लागतो. आणि दंडारीत आरसा होता तो भैयाजींचा दाढीचा, तळहाताएवढा, वरून कोपरा उडालेला. त्यात एका वेळी एक डोळा दिसे, नाहीतर ओठ. अख्खी राणी त्यात कधी मावलीच नाही. मरायच्या आधी एकदा ती बघायला मिळावी, एवढीच या माणसाची हौस होती.

त्या दुपारी त्यांनी हे सगळं दीपालीला सांगून टाकलं. सून ऐकणारी होती. शिवाय मोबाइलमध्ये तिचा हात असा चाले, की बचत गटातल्या सगळ्या बायांना तिने जपानी कार्टूनमधल्या पोरी करून टाकलं होतं. एका अ‍ॅपमध्ये आपला फोटो घातला की ते अ‍ॅप त्याचं अ‍ॅनिमे चित्र करून देई: टपोरे डोळे, इवलंसं नाक, उडते केस. गटाच्या अध्यक्ष गिरजाबाईंचं वय साठ. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आता सोळा वर्षांची मुलगी दिसते आणि गिरजाबाई ते चित्र अजून काढू देत नाहीत.

"मामाजी, याच्यात म्हाताऱ्याले जवान करता येते. बाईबी करता येते," दीपाली म्हणाली.

घरात वामनरावांचा सरळ समोरून काढलेला फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ते नुकतेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. तोच दीपालीने अ‍ॅपमध्ये घातला, वय वीस केलं, बाई निवडलं. पडद्यावर गोल चक्र फिरलं आणि एक मुलगी आली. जांभळे केस आणि डोक्यावर मांजराचे कान.

"हे कोण वं?"

"तुमीच."

"कान काऊन असे?"

दुसऱ्या वेळी मुलीच्या हातात दुधारी तलवार आली. तिसऱ्या वेळी अंगावर जपानी झगा आणि मागे गुलाबी फुलांचं झाड. मुली एकीपेक्षा एक देखण्या होत्या, पण त्यांतली कोणतीही चामोर्शी तालुक्यातली नव्हती. वामनरावांनी प्रत्येकीकडे नीट पाहिलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

दीपाली हार मानणारी नव्हती. "इथी खाली लिहाची जागा हाये. राणी कसी दिसे ते लिहिलं की ते तसं काढते. सांगा, कुंकू कसं? नाक कसं? केस कसे?"

वामनराव काय सांगणार? तुकडे आठवत होते. जोडून चेहरा होत नव्हता. ज्यांनी तोंड रंगवलं ते भैयाजी आता या जगात नव्हते. ढोलकीवाले नथ्थूभाऊ होते, त्यांना दीपालीने फोन लावून विचारलं, तर ते "लय सुंदर दिसे, बाप्पा, लय सुंदर" एवढंच म्हणत राहिले. तेवढ्यावर अ‍ॅप काय काढणार?

"राहू दे, बेटा," वामनराव म्हणाले. "ज्याचं त्याले दिसत नाई, तेच खरं."

भिंतीला टेकून कमलाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती.

"कुंकू आडवं," त्या म्हणाल्या. "मोठं, आडवं. चंद्रकोर नाई."

दीपालीने वर पाहिलं. वामनरावांनी पाहिलं नाही. त्यांना वाटलं, आपल्या कानांचाच काही घोटाळा झाला.

"भिवया जाड," कमलाबाई खडे वेचता वेचता सांगत होत्या. "डावी जरा वर चढलेली. काजळ डोळ्याच्या बाहेर काढलेलं, कानाच्या रोखानं. नथ उजव्या बाजूले, कारण डाव्या नाकपुडीले लहानपणीची खोक होती. केसाईचा खोपा उंच, त्याच्यात शेवंती. आमच्या गावाले आले तवा एका बाजूची शेवंती गळून पडली होती."

"आत्याबाई, तुमी कवा पाह्यलं?"

"तीन मंडया पाह्यल्या. बंडीवर उभी राहून."

दीपाली लिहीत गेली. दोनदा चित्र चुकलं. एकदा नथ डावीकडे गेली, एकदा शेवंतीचा गुलाब झाला. कमलाबाईंनी दोन्ही वेळा मोबाइल दूर धरून, डोळे बारीक करून चुका काढल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी चित्राकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

डोळे अजून जपानी होते, तेवढं अ‍ॅपने सोडलं नाही. पण चढलेली भिवई होती, आडवं कुंकू होतं, हिरवं लुगडं होतं, आणि ओठांवर कुणाचं तरी राज्य बुडवून आल्यासारखा तोरा होता. वामनरावांना ढोलकी ऐकू आली. तापलेल्या आखराची माती पायांना लागली. सफेद्याचा, घामाचा आणि शेवंतीचा एकत्र वास आला. हीच ती, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं.

तेवढ्यात घरातलं नेटवर्क गेलं. अजयला चित्र पाठवायला दीपाली मोबाइल घेऊन अंगणात गेली. मागे दोघंच उरले.

"एवढं ध्यानात हाये," वामनराव म्हणाले, "तं मंग सोडाले काऊन लावलं? तुह्या बापानं म्हटलं, पोरीले चालत नाई."

"बापाले मीच सांगाले लावलं होतं."

"लाज वाटे तुले माही."

"लाज कायची?" कमलाबाईंनी सूप मांडीवर ठेवलं. "सोयरीक जमली तवा मैतरणी म्हणे, कमले, तुह्यावाला नवरा तुह्यापेक्षा सुंदर दिसते. बाजूले बसशील तं लोकं त्याच्याकडंच पाहतील. ते खरं होतं. मी काळी, दात समोर. जलमभर तुमच्या बाजूले बसाचं होतं मले."

वामनरावांना आधी राग आला. सेहेचाळीस मंडया त्यांनी एकट्याने बांधीवर उभं राहून काढल्या होत्या, आणि त्या कशापायी, हे आज कळत होतं. बोलायला त्यांनी तोंडही उघडलं. समोर कमलाबाई सुपातल्या तांदळाकडे बघत होत्या आणि सोळा वर्षांच्या पोरीसारख्या ओशाळल्या होत्या. वामनरावांचा राग टिकला नाही.

"सांगाचं तं होतं," ते म्हणाले. "मी थोडं वाईट दिसलो असतो."

कमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्यानं ते झालं नसतं," त्या म्हणाल्या.